निगमसभेत ऐकवले, फळ्यावर लिहिले

आजच्या धाग्यात लढाई नाही, राज्याभिषेक नाही आणि तहही नाही. आज आपण नाशिकच्या स्थानिक कारभारातील एक नोंद वाचणार आहोत. नोंद साधी आहे: ठेव किती, व्याज किती, ते कोणाला द्यायचे. मात्र ती सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची आहे आणि आजही भिंतीवर वाचता येते.

ग्रामपंचायतीच्या कार्यालयाबाहेरचा फळा सर्वांनी पाहिलेला असतो. ग्रामसभेची तारीख, घरपट्टीची थकबाकी, यात्रेच्या वर्गणीचा हिशेब, पाणी कोणत्या दिवशी येणार नाही याची सूचना. या फळ्याच्या आधी दवंडी होती. कोतवाल वा दवंडीवाला गावातून फिरे, हलगी वाजवी आणि मजकूर मोठ्याने सांगे. आधी सर्वांच्या कानांवर घालायचे, मग लिहून ठेवायचे. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

शाळेच्या पुस्तकात आपण शिकलो की भारतातील स्थानिक स्वराज्य लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावापासून सुरू झाले. नाशिकची नगरपालिका त्याआधीची, १८६४ ची. आणि ज्या इंग्लंडातून ही कल्पना आली असे आपण मानतो, तेथील खेड्यांना निवडून दिलेली पॅरिश कौन्सिल मिळाली ती १८९४ च्या कायद्याने, म्हणजे रिपनच्या ठरावानंतर बारा वर्षांनी. निवडणुकीवर चालणाऱ्या आधुनिक संस्थांपुरते पुस्तकातील विधान बरोबर आहे. परंतु नगराची स्वतःची सभा असणे, तिने जाहीर वाचन करणे, दफ्तर ठेवणे आणि त्या दफ्तरावर लोकांनी विश्वास टाकणे ही गोष्ट या मातीला रिपनपूर्वी ठाऊक नव्हती, असे मात्र म्हणता येत नाही.

मुंबई-आग्रा महामार्गालगतची पांडवलेणी नाशिककरांच्या परिचयाची आहेत. पांडवांशी त्यांचा संबंध नाही. लेखांत या डोंगराचे नाव ‘तिरण्हु’ असे येते, म्हणजे त्रिरश्मी. चोवीस बौद्ध लेण्यांच्या या समूहातील दहावे लेणे उषवदाताचे. उषवदात हा दिनीकाचा पुत्र आणि क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई. स्वतः शक, परंतु दानधर्मात असा रमलेला की एका लेखात तीन लाख गाई दिल्याचे, नद्यांवर विनामूल्य तरी ठेवल्याचे, भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन व शूर्पारक येथे धर्मशाळा बांधल्याचे तो एका दमात सांगून जातो. आकड्यांत अतिशयोक्ती किती, हा वेगळा वाद. त्याच्या मोठ्या दानांपेक्षा मला त्याची छोटी ठेव अधिक महत्त्वाची वाटते.

त्या ठेवीचा लेख याच लेण्याच्या व्हरांड्यात आहे. वर्ष ४२, महिना वैशाख. हे वर्ष शक संवताचे धरले तर इ. स. १२०, नहपानाचा काळ त्याहून मागे नेणारे अभ्यासकही आहेत. मजकुराचा आशय असा: उषवदाताने हे लेणे चारही दिशांच्या भिक्षुसंघाला दिले आणि त्यासोबत ३००० काहापणांची, म्हणजे कार्षापण नाण्यांची, अक्षयनीवी दिली. अक्षयनीवी म्हणजे मुद्दल कधीच मोडायचे नाही अशी ठेव. खर्च करायचा तो व्याजाचाच. रक्कम गोवर्धनात राहणाऱ्या श्रेणींकडे ठेवली. विणकरांच्या एका निकायाकडे २०००, दरमहा शेकडा एक व्याजाने; दुसऱ्या विणकर निकायाकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. (निकाय किंवा श्रेणी म्हणजे एका व्यवसायातील लोकांचा संघ.) पहिल्या ठेवीच्या व्याजातून, या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा काहापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी.

येथे जरा थांबा आणि स्वतः हिशेब करून पाहा. २००० वर शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्षू, प्रत्येकी बारा: २४०. एक काहापणही इकडे-तिकडे नाही. हा दर महिन्याचा आहे हे आपल्याला याच आकडेमोडीने कळते. एम. ए.च्या पहिल्या वर्षी मी वहीच्या कडेला हा गुणाकार केला तेव्हा प्रथमच वाटले की शिलालेखाच्या मागे खरोखर कोणीतरी कारकून बसलेला आहे. दुसऱ्या ठेवीचे व्याज वर्षाला नव्वद. ते ‘कुशणमूल’ या इतर खर्चासाठी.

व्याजाचा दर आणखी एका कारणाने पाहण्यासारखा आहे. कौटिलीय अर्थशास्त्राने धर्म्य, म्हणजे रास्त, मानलेला दर दरमहा शेकडा सव्वा आहे. रानातून माल नेणाऱ्याला दहा आणि समुद्रावर जाणाऱ्याला वीसपर्यंत दर तेथे सांगितला आहे. जितकी जोखीम मोठी तितके व्याज चढे. गोवर्धनच्या विणकरांना भांडवल मिळाले ते एक आणि पाऊण दराने, रास्त दराच्याही खाली. राजाचा जावई ठेव ठेवतो आहे, ठेव कायमची आहे आणि घेणारा एकटा माणूस नसून अख्खा संघ आहे. एक विणकर मरेल, दिवाळे काढेल, गाव सोडेल. निकाय मात्र राहील. या गृहीतकावर सारा व्यवहार उभा होता.

आता ज्या वाक्यासाठी हा धागा लिहायला घेतला ते. ठेवीचा आणि चिखलपद्र गावातील ८००० नारळाच्या झाडांचा तपशील संपल्यावर लेख म्हणतो की हे सर्व ‘स्रावित निगमसभाय, निबध च फलकवारे, चरित्रतो’. स्रावित म्हणजे ऐकवले. निगमसभेत मोठ्याने वाचून दाखवले. निबद्ध म्हणजे नोंदवले. फलकवारे म्हणजे नोंदीच्या फळ्यांवर. आणि चरित्रतो म्हणजे रीतीप्रमाणे.

दवंडी आणि फळा, त्याच क्रमाने!

यातला ‘चरित्र’ शब्द सहज वाचून पुढे जाण्यासारखा नाही. अर्थशास्त्रात न्यायनिवाड्याचे चार आधार दिले आहेत: धर्म, व्यवहार, चरित्र आणि राजशासन. चरित्र म्हणजे त्या-त्या समूहाचा प्रस्थापित रिवाज. देश, गाव, जात, कुल आणि संघ यांचे धर्म, व्यवहार व चरित्र निबंधपुस्तकात लिहून ठेवावे, असेही तो ग्रंथ सांगतो. म्हणजे ‘चरित्रतो’ लिहिणारा माणूस कायद्याची भाषा बोलतो आहे. ही नोंद आम्ही प्रथमच करत नाही, आमच्याकडे असेच करतात, हे त्या एका शब्दात आले. नाशिक परिसरात नगराची सभा असे, तेथे व्यवहार वाचून दाखवले जात, लाकडी फळ्यांवर त्यांचे दफ्तर राही, आणि तोपर्यंत ती रीत जुनी झालेली होती.

त्याच लेखात शेवटी आणखी एक नोंद आहे. देव आणि ब्राह्मण यांना दिलेले ७०,००० कार्षापण, पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण या दराने २००० सुवर्ण. तेथेही पुन्हा ‘फलकवारे चरित्रतो’. म्हणजे दान बौद्ध संघाचे असो वा ब्राह्मणांचे, नोंद त्याच फळ्यांवर. दफ्तराला धर्म नव्हता.

ही निगमसभा भरे कुठे? लेखांत श्रेणींचा पत्ता गोवर्धन असा येतो. आजही नाशिकच्या पश्चिमेस, गोदाकाठी, गंगापूरच्या बाजूला गोवर्धन नावाचे गाव आहे आणि लेखांतील गोवर्धन ते हेच, असे अभ्यासक मानतात. त्या काळी ते एका आहाराचे, म्हणजे प्रशासकीय विभागाचे, ठाणे होते. राजाचा अमात्य तेथे बसे. नाशिक हे नावही तेवढेच जुने, किंबहुना अधिक जुने. एकोणिसाव्या लेण्यात सातवाहन राजा कण्हाच्या काळचा लेख आहे आणि श्रमणांची व्यवस्था पाहणारा नाशिकचा महामात्र तेथे दाता म्हणून येतो.

सभेत बसत कोण? ‘निगम’ म्हणजे व्यापारी पेठ, आणि तिचा सदस्य तो ‘नेगम’. अशा एका नेगमाचे घरच या डोंगरावर भेटते. वीर नावाच्या गृहपतीने चार खोल्यांचे लेणे दिले. त्यातली एक ओवरी त्याची पत्नी नंदश्री हिची, एक मुलगी पुरुषदत्ता हिची. निगमसभेच्या कामकाजाची कल्पना करताना मी वीर गृहपतीसारखा माणूस डोळ्यांसमोर आणतो. पेठेत दुकान, घरात बायको-मुलगी, गाठीला चार पैसे, आणि कोणाची ठेव कोणाकडे आहे याची खडान्खडा माहिती.

आणि म्हणूनच एक इशारा. समाजमाध्यमांवर अशा लेखांचे भाषांतर ‘प्राचीन भारतातील लोकशाही’ असे करून टाकण्याची घाई असते. निगमसभा ही पेठेतील प्रतिष्ठितांची सभा होती. तेथे मतदान होई, शेतमजूर बसत वा नंदश्री आपले म्हणणे मांडे, असे हा लेख सांगत नाही. तमिळ प्रदेशातील उत्तरमेरूरच्या दहाव्या शतकातील लेखांत सभेच्या समित्यांची निवड, पात्रता-अपात्रतेच्या अटी, मडक्यातून चिठ्ठ्या काढणे असे सारे तपशीलवार आहे. पण तीही ब्राह्मण वसाहतीची सभा होती. जुन्या संस्थांना आजची पदवी देऊन त्यांचा मान वाढत नाही. त्यांनी काय साधले होते ते अचूक सांगावे, तेवढे पुरेसे आहे. नाशिकच्या निगमसभेने साधले ते हे की सत्ताधाऱ्याच्या जावयालाही आपला व्यवहार पक्का करण्यासाठी तिच्यापुढे यावे लागले.

उषवदाताची आणखी एक खरेदी पाहा. नगराच्या सीमेवर, वायव्येस, त्याने एक शेत घेतले. वाराहीपुत्र अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून, ४००० काहापण रोख मोजून, आणि ते संघाच्या अन्नासाठी दिले. लेख आवर्जून नोंदवतो की शेत अश्विभूतीच्या वडिलांचे होते. विकणाऱ्याचा हक्क कुठून आला ते लिहून ठेवले आहे. सातबारा काढल्याशिवाय जमिनीला हात न लावणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना हा लेख फार आवडेल. आणि पुन्हा लक्षात घ्या: जिंकलेल्या प्रदेशात क्षत्रपाच्या जावयाला जमीन हवी आहे आणि तो ती विकत घेतो आहे.

हे क्षत्रपांचे राज्य टिकले नाही. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. याचा सर्वांत बोलका पुरावाही नाशिक जिल्ह्यातीलच. १९०६ मध्ये जोगलटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा सुमारे १३,२५० चा साठा सापडला. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा उमटवलेला होता. नवे राज्य, जुनीच चांदी.

विजयानंतरचे दोन हुकूम तिसऱ्या लेण्यात कोरलेले आहेत आणि ते वाचताना एखादे सरकारी पत्र हाती आल्यासारखे वाटते. पहिला वर्ष १८ चा. विजयी सैन्याच्या छावणीतून राजा गोवर्धनच्या अमात्य विष्णुपालिताला कळवतो: अपरकखडी गावातील उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने शेत आता त्रिरश्मीवरच्या प्रव्रजितांना दिले आहे. सोबत सवलती. राजपुरुषांनी शेतात शिरू नये, त्याला हात लावू नये, मिठासाठी ते खणू नये. दुसरा हुकूम वर्ष २४ चा, राजा आणि राजमाता यांच्या नावे, या वेळी अमात्य श्यामकाला. यात म्हटले आहे की आम्ही पूर्वी कखडी गावात दिलेले शेत कसले जात नाही आणि तो गावही वसत नाही. म्हणून नगराच्या सीमेवरच्या आमच्या राजकीय शेतातून १०० निवर्तने द्यावीत. दस्त झाला तो प्रतिहाररक्षी लोटा हिच्या हातून, आणि त्याची रीतसर ‘निबद्ध’ अशी नोंद झाली.

‘शेत कसले जात नाही, गाव वसत नाही.’ त्या काळच्या ग्रामीण जीवनाविषयी मला याहून थेट वाक्य माहीत नाही. कागदावर २०० निवर्तने, प्रत्यक्षात पडीक. सहा वर्षांत राजाच्या दानाचे काय झाले, ते राजाच्याच हुकुमात लिहिले गेले. युद्धाच्या धामधुमीत गाव उठले असेल असे मला वाटते, कारण हा सारा टापू नुकताच दोन सत्तांमध्ये रगडला गेला होता. काहीही असो, खालून वर कोणीतरी कळवले, आणि वरून चूक सुधारली गेली. मात्र जमीन निम्मी झाली, हेही नजरेआड करू नका.

आता या दोन व्यवहारांची तुलना करा. राजाने दिलेली जमीन अमात्याच्या हाती. राजा बदलला की हुकूम बदलतो, शेत उषवदाताकडून जाते. उषवदाताची नगदी ठेव मात्र श्रेणींकडे आणि निगमसभेच्या फळ्यांवर. त्याने हा मार्ग निवडला तो भोळेपणाने नव्हे, असे माझे मत आहे. मुद्दल राजवटीपलीकडे टिकवायचे असेल तर ते कोणाकडे ठेवावे, याचे उत्तर त्याला ठाऊक होते.

त्याचा अंदाज किती बरोबर होता याचा पुरावा शंभराहून अधिक वर्षांनंतरचा आहे. क्षत्रप गेले, सातवाहनही गेले; तिसऱ्या शतकाच्या मध्यास येथे आभीर राजा ईश्वरसेन होता. त्याच्या नवव्या वर्षी विष्णुदत्ता नावाची उपासिका, शक अग्निवर्म्याची मुलगी आणि गणपक रेभिलाची पत्नी, अक्षयनीवी ठेवते. कशासाठी? संघातील आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी. ठेव कोणाकडे? गोवर्धनच्या श्रेणींकडे. कुंभारांच्या श्रेणीकडे १०००, ओदयंत्रिकांच्या, म्हणजे पाण्याची यंत्रे करणाऱ्यांच्या, श्रेणीकडे २०००, शिवाय तीळ गाळणाऱ्या तेल्यांची श्रेणीही आहेच. दोन राजवटी उलटल्या आणि पेठेतील कुंभार-तेली अजून लोकांच्या ठेवी सांभाळत होते. हा लेखही दहाव्या लेण्याच्याच अंगणात आहे.

फलकवारांचे लाकूड केव्हाच कुजले. निगमसभेत वर्षानुवर्षे नोंदवलेल्या शेकडो व्यवहारांपैकी आपल्या हाती आले ते एवढेच, कारण एका दात्याला फळ्यावरची नोंद दगडातही हवी होती. हे लेख आपल्याला वाचता येतात ते भगवानलाल इंद्रजी, रा. गो. भांडारकर, सेनार आणि वा. वि. मिराशी यांच्या परिश्रमांमुळे. मिराशींचा सातवाहन व पश्चिमी क्षत्रपांवरील ग्रंथ मराठीत आहे. ज्यांना मूळ पाठ पाहायचे आहेत त्यांनी तो ग्रंथालयातून जरूर मिळवावा.

लेणी पाहायला जाल तेव्हा सकाळी जा, दहाव्या लेण्याच्या व्हरांड्यात उजेड चांगला असतो. बहुतेक लोक खांबांच्या शिरावरचे प्राणी पाहून, छायाचित्रे काढून पुढे जातात. तुम्ही वर, भिंतीवरच्या अक्षरांकडे पाहा. मग तेथून अठराव्या लेण्याकडे, म्हणजे चैत्यगृहाकडे चला आणि दाराच्या कमानीपाशी थांबा. तेथे एक अगदी छोटा लेख आहे. त्यात राजा नाही, जावई नाही, वर्षही नाही. नाशिककरांच्या धंभिक गावाचे दान, एवढेच तो सांगतो. कोणा एकाचे नाव नाही. दाता म्हणून गावाचेच नाव. धंभिकात कधीतरी लोक एकत्र जमले असतील, चैत्याच्या दाराचा खर्च आपण उचलू असे ठरले असेल, वर्गणी निघाली असेल, कोणी कुरकुरलाही असेल. त्या बैठकीचा फळा उरला नाही. दार अजून उभे आहे.